धूळ दिसणारा रंग

पाळी गावातल्या आमच्या घरात काँक्रीटचा कोबा आहे. जुना, ठिकठिकाणी खरवडलेला. त्यावर कितीही फडकं मारा, बादलीतलं पाणी तांबडंच. रस्त्यावरून आता परत धावू लागलेल्या खनिजाच्या ट्रकांची धूळ त्या खरबरीत जमिनीत मुरून बसते आणि केरसुणी लागली की उठते ती थेट नवऱ्याच्या छातीत. खाण बंद पडेपर्यंत आयुष्यभर ते खाणीच्या गॅरेजात ट्रक दुरुस्त करत होते. आता दोन पायऱ्या चढले तरी धापा टाकतात. साखळी शहरातल्या डॉक्टरांनी बजावलं, "धुळीत जायचं नाही. घरातसुद्धा धूळ नको." पाळीत राहून हे कसं जमवायचं ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मीच ठरवलं, कोब्यावर गुळगुळीत कोटिंग मारायचं. आम्ही दोघं म्हापशाच्या दुकानात गेलो. दुकानदार सगळं नवऱ्याला सांगत होता: हे इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, ते सीलर नुसतं पारदर्शक, खालून ओल येत असेल तर कुठलंच टिकत नाही. ज्या माणसाने जन्मात जमीन पुसायचं फडकं पिळलं नाही, तो गंभीरपणे मान डोलावत होता. माझ्या हातात शेड कार्ड दिलं. बायकांनी रंग बघायचा!

तेही मेलं मला बघू दिलं नाही. नवऱ्याने लगेच तांबड्यावर बोट ठेवलं.

दुकानदार खूश. "तांबडोच घेयात बाब, धूळ अजिबात दिसची ना."

"दिसली नाय म्हणजे गेली काय?" मी म्हटलं. "माका धूळ दिसणारो रंग होयो. दिसली तर पुसतलंय."

"दिसभर पुसत रवशीत," नवरा म्हणाला.

"पुसूचा माका आसा. तुमका कित्याक त्रास?"

त्रास होताच काहीतरी. पेंटर आला, त्यालाही त्यांनी फितवलं. तो मशीनने कोबा घासता घासता थांबून म्हणे, "काकी, अजून विचार करा, हंय सगळे तांबडोच मारतत." शेजारीण म्हणाली, फिकट जमीन म्हणजे हॉस्पिटल. डोकं उठलं माझं. फिकट राखाडीचे दोन हात मारून घेतले, आठवडाभर पडवीत चूल मांडली, पण मागे हटले नाही.

जमीन झाली मात्र छान. ओलं फडकं फिरवलं की लख्ख. माझी मान ताठ.

चारेक दिवसांनी साखळीच्या बाजारातून दुपारी परतले, तर दारापासून नवऱ्याच्या खुर्चीपर्यंत पावलं उमटलेली. पाचही बोटं स्पष्ट. आमच्या अंगणातली माती मला ठाऊक आहे. ती अशी गडद तांबडी नसते, अशी चमकतही नाही. ही ट्रकांच्या रस्त्यावरची धूळ. म्हणजे मी बाजारात गेले की हे तिकडे जाऊन उभे राहत होते. किती दिवसांपासून, देव जाणे. तांबड्या जमिनीवर मला हे कधीच कळलं नसतं, आणि ते त्यांना पुरतं माहीत होतं. असा संताप आला की पिशवी तिथेच आपटली.

"डॉक्टरान काय सांगितल्यान तुमका? मराचा आसा?"

ते खुर्चीत वाकून बसले होते. श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"गाडये परत चालू झाले," ते म्हणाले. "बघूक गेललंय. पयले डायवर माका बघून हॉर्न मारीत. आता सगळे नवीन. एकानसुद्धा हॉर्न मारूक नाय."

फडकं घ्यायला निघालेली मी थांबले. पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला आणि शेजारी खाली, त्या पावलांवरच बसले.

"कितके गाडये गेले?" मी विचारलं.