सत्तार सरांचे हजरत उमर

सत्तार सरांसोबत नोकरी केलेल्या कुणालाही त्यांच्याबद्दल विचारा, तो आधी कपाळाला हात लावेल. मीसुद्धा लावते. सौंसरजवळच्या आमच्या माध्यमिक शाळेचे ते प्रधानपाठक होते आणि मी तिथं भाषा शिकवायची. सरकारी भाषा हिंदी, म्हणून शिकवणं हिंदीत आणि भांडणं मराठीत, असा आमच्याकडचा रिवाज. भांडण चांगलं रंगात आलं की सत्तार सर चष्मा काढायचे, रुमालानं पुसायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे. पण हजरत उमर असते तर त्यांनी काय केलं असतं, सांगा बरं?"

झालं. भांडण तिथंच आटोपायचं. कारण उत्तर फक्त त्यांनाच ठाऊक असायचं आणि ते नेमकं आमच्या गैरसोयीचं निघायचं.

मी बौद्ध घरातली. माझ्याबरोबर शिकवणारे लोखंडे सर दर शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाणारे. तरी इस्लामचे दुसरे खलिफा आम्हाला आमच्या काकांपेक्षा जास्त माहीत झाले होते. पैगंबरांना मारायला तलवार घेऊन निघालेला हा तापट माणूस बहिणीच्या घरी कुराणातल्या ओळी ऐकून कसा पाघळला, पुढे खलिफा होऊन एवढा मुलूख हाताशी असताना ठिगळं लावलेला अंगरखा कसा घालायचा, हे सगळं आम्ही डबा खाताना ऐकलं होतं. "तो जन्मापासून संत नव्हता, मॅडम," सर सांगायचे. "माह्यासारखाच डोक्याचा गरम होता. म्हणून मले तो आवडते. ज्याले राग येते आणि तरी जो न्याय करते, त्याची खरी कमाल."

राग सरांना यायचा हे खरं. न्यायाचं मात्र असं होतं की तो पहिल्यांदा त्यांच्या जवळच्या माणसांवर कोसळायचा.

एका एप्रिलमध्ये ऊन असं तापलं की पत्र्याच्या वर्गातली मुलं वहीनं वारा घेत बसायची. ऑफिसात एक कूलर होता. त्याच खोलीत आम्ही शिक्षकही बसायचो. एका सकाळी येऊन बघते तर कूलर गायब आणि नामदेव, आमचा चपराशी, स्टुलावर चढून छताचा पंखा उतरवतोय.

"काय करून राहिला रे?" मी विचारलं.

"सरांनं सांगतलं, मॅडम. कूलर आठवीत नेला, हा सातवीच्या वर्गात लावाचा हाय."

मी सरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला तेव्हाच मला कळलं. "दुष्काळ पडला होता, मॅडम. उमर साहेबांनी तूप सोडलं. नुसतं तेल खाऊन पोट गुरगुरायचं, तर पोटाले म्हणत, गुरगुर किती गुरगुरायचं ते. लोकांच्या घरी तूप येत नाही तोवर तुले भेटणार नाही."

"सर, त्यांनी स्वतःचं तूप सोडलं. तुम्ही आमचा पंखा काढला."

ते विचारात पडले. "हे बी खरं आहे," म्हणाले. पंखा मात्र सातवीतच गेला, आणि सुट्ट्या लागेपर्यंत आम्ही ऑफिसात उकडत राहिलो. लोखंडे सर तर ओला पंचा डोक्यावर घेऊन हजेरी भरायचे.

नामदेवची तर त्याहून फजिती झाली. बोरगावकडच्या एका गावात शाळांचा कार्यक्रम होता, सर प्रमुख पाहुणे. बस फाट्यावर सोडायची, तिथून आत जायला नामदेवनं ओळखीच्या दुकानातून एक सायकल मिळवली. सर म्हणाले, अर्धा रस्ता तू चालव, अर्धा मी चालवतो. खलिफा उमर जेरुसलेमला निघाले तेव्हा उंट एक आणि माणसं दोन, ते आणि त्यांचा नोकर. दोघं पाळीपाळीनं बसले. शहर आलं तेव्हा पाळी नोकराची होती, म्हणून नोकर उंटावर आणि खलिफा लगाम धरून पायी. ही गोष्ट नामदेवनं शंभरदा ऐकली होती, त्यामुळे गाव जवळ आलं तसा तो कॅरियरवरून उतरू बघायला लागला. "सर, आता मले चालवू द्या जी," तो विनवत होता. सर ऐकतात कुठं? पाळी त्यांची होती.

गावच्या वेशीत लेझीम वाजत होती. घामानं भिजलेला, पायजम्याला सायकलच्या साखळीचं काळं लागलेला एक म्हातारा पॅडल मारत आला आणि मागच्या कॅरियरवर इस्त्रीचा शर्ट घातलेला नामदेव. सरपंचानं सरळ नामदेवच्या गळ्यात हार घातला. नामदेव ओरडत राहिला, "मी नोहो जी, मी नोहो!" पण वाजंत्रीत ऐकतो कोण. सर बाजूला उभे राहून एवढे खूश, जणू हार त्यांनाच मिळाला. नामदेव नंतर कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलला नाही. मला म्हणाला, "त्याईचं पुण्य होते मॅडम, अन् माहा तमाशा होते."

मला वाटतं, सरांबद्दल इतकं नेमकं दुसरं कुणी बोललं नाही.

ते राहायचे पांढुर्ण्याला आणि रोज बसनं यायचे. बायको आधीच वारलेली. घरात एकुलती एक मुलगी, शाहीन. गणितात एम.एस्सी. झालेली, शांत, बापाएवढीच हट्टी. आमच्या गणिताच्या शिक्षकांची बदली झाली आणि त्या जागेवर अतिथी शिक्षक, म्हणजे तात्पुरता, घ्यायचा ठरला. शाहीननं अर्ज केला. गुणांप्रमाणे तीच पहिली आली. मी खूश झाले, कारण आठवीला बोर्डाची परीक्षा आणि गणितात आमची मुलं आधीच ढेपाळलेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला सांगितलं, "शाहीन येणार नाही. मी तिले नाव मागं घ्यायला लावलं."

मी विचारलं, "का?"

"मी प्रधानपाठक, पोरगी माही. लोक काय म्हणतील? उमर साहेब जखमी होऊन पडले होते, तेव्हा पुढचा खलिफा निवडायचा होता. कोणी म्हणालं, तुमच्या पोराले करा. त्यांनी साफ नाही म्हटलं. आमच्या घरातल्या एकानं हा बोजा उचलला तेवढा पुरे, म्हणाले."

"सर, ती खिलाफत होती! ही काही महिन्यांची अतिथीची नोकरी आहे. बसच्या तिकिटातच अर्धा पगार जाईल."

"तत्त्व एकच आहे, मॅडम."

"मग तुमचं तत्त्व मुलांना त्रैराशिक शिकवेल का?"

त्यांनी चष्मा घातला आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी तावातावानं निघून आले. गुणांत दुसरा असलेल्या मुलाला छिंदवाड्याला काम मिळालं, तो आलाच नाही. जागा रिकामी. मग सर स्वतः गणित शिकवायला लागले. त्यांचा विषय इतिहास. नफा-तोट्याचं उदाहरण सुरू व्हायचं व्यापाऱ्यापासून आणि पोचायचं मदिनेच्या बाजारात, जिथं उमर साहेब मापात पाप करणाऱ्याला धरतायत. मुलांना गोष्ट आवडायची. उत्तर कुणालाच यायचं नाही. पलीकडच्या वर्गात मी कविता शिकवता शिकवता ते ऐकायची आणि दात-ओठ खायची.

शाहीन त्या काळात एकदा सौंसरच्या बसस्टँडवर भेटली. नागपूरला एका शिकवणीत मुलाखतीला निघाली होती. म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात पहिला नंबर येणं हाच गुन्हा आहे." हसून म्हणाली, पण डोळे भरले होते.

दिवाळीनंतर पालकसभा झाली. सहामाहीत आठवीतली जवळपास सगळी मुलं गणितात नापास झाली होती. सरांनी ते स्वतःच उभं राहून सांगितलं, लपवलं नाही. शिक्षकाची जागा का रिकामी आहे, हेही सांगितलं, आणि थोडं अभिमानानंच सांगितलं. पालकांनी माना डोलावल्या. काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. एवढा प्रामाणिक माणूस! मला टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात धरावेसे वाटले.

तेव्हा मागून कांताबाई उठली. संत्र्याच्या बागेत बरा-वाईट माल छाटायला जाणारी बाई, तशीच कामावरून आलेली. तिची रोशनी आठवीत होती.

"मास्तर, मी अडाणी बाई हाव. एक इचारू काय?"

"विचारा ना, बाई."

"तुमच्या पोरीनं काई चोरी केली काय जी?"

"नाही."

"तिले गणित येत नाई काय?"

"येते. चांगलं येते."

"मंग सजा कायची देऊन राहिले तिले? अन् माह्या रोशनीले कायची? तुमचं नाव धुतलेलं राहाले पायजे म्हणून आमच्या पोरी नापास होऊन राहिल्या. हा कोनता न्याय हाय?"

लोखंडे सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी महिनोन्महिने जे बोलून थकले होते, ते हिनं एका दमात टाकलं होतं. सत्तार सर उभेच होते. चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता भडकणार.

पण ते बोलले तेव्हा आवाज अगदी खाली आला होता. "उमर साहेबांनी एकदा मशिदीत जाहीर केलं की लग्नात बाईला द्यायच्या मेहेरवर मर्यादा घालायची. एक बाई उठली. म्हणाली, जे अल्लानं आम्हाला दिलं, ते काढून घेणारा तू कोण? सगळ्यांसमोर. आणि ते खलिफा होते." सरांनी कांताबाईकडे पाहिलं. "ते म्हणाले, बाई बरोबर बोलली, उमर चुकला."

मग त्यांनी कांताबाईला हात जोडले. "तुम्ही बरोबर बोलल्या, बाई. सत्तार चुकला."

कांताबाई गोंधळली. "माफी नोका मांगू जी, पोरीले आना," म्हणत खाली बसली.

पोरीला आणणं सोपं नव्हतं. शाहीननं नागपूरची शिकवणी जवळजवळ पक्की केली होती. सर मला घरी घेऊन गेले, एकट्यानं तिच्यापुढे उभं राहायची हिंमत नव्हती त्यांची. पांढुर्ण्याच्या त्या लहानशा घरात बाप खुर्चीच्या कडेला बसला आणि मुलगी दाराला टेकून उभी राहिली.

"बेटा, मी चुकलो."

"अब्बा, अभ्यास माझा, गुण माझे. आणि त्याग तुमचा?"

चष्मा काढायला त्यांचा हात वर गेला, तशी शाहीन म्हणाली, "नको. गोष्ट नको. नुसती माफी मागा."

त्यांनी मागितली. नुसती. मी त्यांना विनागोष्टीचं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. शाहीन रडली, मग चहा टाकायला आत गेली, आणि सोमवारी शाळेत आली. रोशनी आणि तिच्या वर्गातली बहुतेक मुलं त्या वर्षी गणितात पास झाली.

सर सुधारले, असं मात्र समजू नका. बापलेक एकाच बसनं यायचे, पण सर तिच्या शेजारी बसायचे नाहीत, आणि शाळेत तिला "शाहीन मॅडम" म्हणायचे. ती उशिरा आली तर सगळ्यांसमोर बोलायचे, स्वतः त्याच बसनं उशिरा आलेले असताना. मुलीच्या नेमणुकीबद्दल कुणीतरी खरंच वर तक्रार केली, तेव्हा चौकशी लवकर व्हावी म्हणून सर स्वतःच शिक्षण खात्याच्या ऑफिसात खेटे घालू लागले. अधिकारी वैतागून म्हणाला, "सर, तक्रार करणारासुद्धा इतक्यांदा आला नाही." चौकशीत काही निघालं नाही. सर नाराज झाले, कारण त्यांच्या मते ती पुरेशी कडक नव्हती.

निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांचं यकृत बिघडलं. नागपूरच्या दवाखान्यात एक जुना विद्यार्थी डॉक्टर होता. त्यानं वेगळी खोली दिली, तर सरांनी ती मुलताईच्या एका म्हाताऱ्याला देऊन टाकली आणि स्वतः मोठ्या वॉर्डात, दाराजवळच्या खाटेवर. मी दुपारी भेटायला गेले तेव्हा संतापच आला. "सर, आता तरी स्वतःचं बघा!"

ते हसले. फार वाळले होते. शाहीन औषध आणायला खाली गेली होती. त्यांनी मला जवळ बोलावलं. "मॅडम, एक विचारायचं होतं. मी कोणावर अन्याय केला काय?"

खाटेवरच्या माणसाला काय सांगतात ते मला माहीत होतं. पण हा माणूस आयुष्यभर त्याच एका गोष्टीला भीत आला होता.

"केला, सर. शाहीनवर. पण तुम्ही तो मागं घेतला."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, लागलं त्यांना. पण त्यांनी माझा हात थोपटला. "बरं केलं सांगितलं. सकाळपासून सगळे 'नाही, नाही' म्हणून राहिले. मले वाटलं, आता खरं सांगायच्या लायकीचाही राहिलो नाही का काय मी."

शाहीन औषधं घेऊन आली, तसे ते खाटेवर जरा सरकले आणि तिला म्हणाले, "बस बेटा, इथं, माह्याजवळ." ती बसली. त्यांनी तिच्या खांद्याला डोकं टेकवलं, आणि मी निघेपर्यंत एकही गोष्ट सांगितली नाही.