दिगंबरच्या पिनांचा डबा

बावीस वर्षांपूर्वी गौरींच्या दिवशी सकाळी मी माझ्या मित्राला दारातूनच परत पाठवलं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. त्यानेही नाही.

दिगंबर.
आम्ही मालवणाकडच्या एकाच गावचे. शाळेत एका बाकावर. मुंबईतही करी रोडच्या एकाच चाळीत आलो. मी दुसऱ्या मजल्यावर, तो चौथ्या.

तो नाटकात काम करायचा. बायकांच्या भूमिका करणाऱ्या तीन पुरुष नटांवरचं एक विनोदी संगीत नाटक होतं. त्या तिघांतला एक दिगंबर.

आणि गणपतीत तो चाळीतल्या गौरींना साड्या नेसवायचा. सुरुवात आमच्या घरापासून.

त्याच्याकडे पेपरमिंटच्या गोळ्यांचा एक चपटा पत्र्याचा डबा होता. त्यात सेफ्टी पिना. प्रत्येक पिन तो आतल्या बाजूने लावायचा, टोक कुठेच बाहेर येऊ द्यायचा नाही.

"अरे, आत लोखंडी स्टँड आहे," मी हसायचो.
"असांदे. तिका टोचात."

त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर परळला त्याचा प्रयोग होता. माझं नवीन लग्न झालेलं. हिला घेऊन गेलो.

एका प्रवेशात तो प्रेक्षकांसमोरच नऊवारी नेसायचा. एका गाण्यात अख्खी साडी.
शिट्ट्या सुरू झाल्या.
"ए मावशे, पदर सांभाळ!"
"घो खंय तुझो?"
हॉल हसत होता. पहिल्यांदा मीही हसलो. मग मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा स्टेजवरच्या टेबलावर तोच डबा उघडा होता.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी गौरी आल्या.

दिगंबर दारात उभा. ओले केस, धुतलेला सदरा, हातात डबा.

"त्याच पिना?" मी विचारलं.
"त्याच. हाताक सवय असा त्येंची."
"दिग्या, यंदा राहू दे. देवीचं काम आहे. हात नको लावूस."

त्याला आधी कळलंच नाही.
"अरे, मी न्हावन इलंय."

मी उंबऱ्यातून हललो नाही.

त्याने डबा उंबऱ्यावर ठेवला आणि जिना चढून गेला. विसरला की मुद्दाम ठेवला, माहीत नाही.

त्या दिवशी साडी हिने नेसवली. दोनदा पदर सुटला. "असं का बोललात त्यांना?" ही विचारत होती आणि मी नुसती घंटा वाजवत होतो. मी स्वतःला देवभोळा समजायचो.

चाळीत तो सगळ्यांना सांगायचा, "वहिनी आता बरी नेसवता. माजा काय काम?"
माझ्यावर काही येऊ दिलं नाही त्याने. पुढे चाळीत कुणाचीच गौर नेसवली नाही. शीवला बहिणीकडे मात्र दरवर्षी जायचा.

जिन्यात भेटला की पूर्वीसारखंच, "बरो मा रे?"
मी म्हणायचो, "बरो."

मधे दोन जिने. चाळ पडली, टॉवर झाला, लिफ्ट आली. तरी डबा माझ्या देवघराच्या खणातच.

ही जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी परदेशात. साडीची गौर आता घरी बसत नाही. मी पाच खडे मांडतो, हळदकुंकू वाहतो.

गेल्या वर्षी गौरींच्याच दिवशी दिगंबर गेला. मी खांदा दिला.
डबा तेव्हाही खणातच.

आता तेच नाटक नव्या संचात पुन्हा आलंय. तुम्हीच इथे पोस्ट टाकताय. "हसून हसून पोट दुखलं." "काय एनर्जी!" "मस्ट वॉच."

एका पोस्टखाली कुणीतरी विचारलं होतं, "जुन्या संचात नऊवारीवाली भूमिका कोण करायचं?"
कुणालाच माहीत नव्हतं.
मी तीनदा नाव टाइप केलं. तीनदा पुसलं.

गेल्या रविवारी दुपारच्या प्रयोगाला गेलो, प्रभादेवीला. एकटाच.

तोच प्रवेश आला. नवा नट साडी नेसू लागला तसा मी खुर्चीचा हात घट्ट धरला. आता शिट्ट्या येणार.

शिट्टी आली नाही.
लोक गाण्यावर टाळ्यांचा ठेका धरत होते. मागची बाई शेजारणीला म्हणाली, "काय चापूनचोपून नेसलाय गं! मला अजून काष्टा जमत नाही."
माझ्या शेजारचे आजोबा पुटपुटले, "आपल्यात नव्हतं हो असलं."
आजी म्हणाल्या, "गप्प बसा. तुमचेच वडील गावच्या नाटकात सीता व्हायचे."
रांग हसली. आजोबासुद्धा.

पदर खोचून झाला आणि सगळा हॉल उभा राहिला.
मी बसून होतो. वाटलं, या टाळ्या ज्याच्या, त्याला मी दारातून घालवलं.

आज गौरींच्या दिवशी सकाळी आंघोळ केली, डबा घेतला आणि शीवला त्याच्या थोरल्या बहिणीकडे गेलो. सुमनताई. गेल्या वर्षी सुतकामुळे तिच्याकडे गौर बसली नव्हती. यंदा स्टँड उभा होता, साडी घडीतच होती.

मी दाराबाहेरच थांबलो.
"ताई, आधी ऐक. मग आत घ्यायचं की नाही ते ठरव."

सगळं सांगितलं. पिनांचं. उंबऱ्याचं. तो काय म्हणाला ते.

 तिने माझ्या हातातला डबा घेऊन उघडला.
"ह्यो डबो? किती वर्सां तो शोधी होतो! माका म्हणायचो, ताये, तूच खंय तरी टाकलंस. मी भांडलंय त्याच्यावांगडा."

तिने पदराने एकेक पिन पुसली. गंजलेल्या बाजूला काढल्या.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"न्हावन इलंस मा?"
"होय."
"मग उभो कित्याक? भुतूर ये. निऱ्यो धर."

निऱ्या धरल्या. पहिली पिन मी लावली. आतून.

घरी येऊन त्या पोस्टखाली उत्तर लिहिलंय. जुन्या संचात ती भूमिका दिगंबर करायचा. करी रोडचा. माझा मित्र.
या वेळी पुसलं नाही.

दिगंबर, डबा पोचवला रे.
तुला हात जोडून नमस्कार.