इकडील सर्व खुशाल

ट्रेनिंग कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे गुरुजी एकच गोष्ट आमच्याकडून घोकून घेत. समोरचा माणूस बोलेल ते त्याच्याच शब्दांत टिपा, पदरचं काही घालू नका, आणि घाईघाईनं धीर देऊ नका. वर्ग माना डोलवायचा. माझी मान खाली जायची, कारण या धड्यात मी आधीच नापास झालो होतो.

त्याआधी मी कोकणात मांडवीला मास्तर होतो. नवरे मुंबईला, बायकांना अक्षरओळख नाही. शाळा सुटली की पडवीत बसून मी त्यांची पत्रं लिहायचो. अक्षर सुरेख होतं, आणि त्याचा ताठाही तेवढाच होता.

शेजारच्या खलाशाची बायको यायची. तिचं तान्हं पोर गेलेलं; नवऱ्याला ते कळलं होतं, पण बोटीवरून सुटी नव्हती.

"लिवा मास्तर," ती म्हणाली, "पाळना अजून सोडवत नाय. घास गिळवत नाय. एकदा येऊन जावा म्हनावं, नायतर मी काय जगत नाय."

मी लिहिलं, 'इकडील सर्व खुशाल. काळजी नसावी. सवडीने यावे.' पत्राची रीतच ती. शिवाय परमुलखातल्या माणसाच्या जिवाला घोर कशाला, हा माझा शहाणपणा. वाचून दाखवताना मात्र तिचेच शब्द म्हटले आणि वर सुनावलं, "वहिनी, मन घट्ट करा. होईल सगळं नीट."

दुसरं पत्रही तसंच गेलं. तिसऱ्या खेपेला ती उंबऱ्यापाशीच बसली.

"लिवा तुमच्या मनानं. सांगून बी ते येत नायत."

मी लिहिलं, सर्व खुशाल.

तिनं अंथरूण धरलं आणि महिन्याभरात गेली.

दिवसकार्याला तिचा नवरा आला. कार्य उरकल्यावर माझ्याकडे येऊन त्यानं तिन्ही पत्रं पुढ्यात ठेवली. त्यालाही वाचता येत नव्हतं.

"मास्तर, परत वाचा. कायतरी लिवलेलं असंल. मुंबईत वाचनाऱ्यानं गाळलं असंल."

मी तिन्ही वाचली. माझंच सुरेख अक्षर मला वाचवेना.

त्यानं पत्रांच्या पुन्हा घड्या घातल्या. मग पत्रं खिशात घालत म्हणाला, "म्हंजे तिनं मला कायच सांगितलं नाय."

सांगितलं होतं, एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. तो तसाच बोटीवर परत गेला.