मागे बांधलेले हात

कांबळेताई आमच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा आल्या त्या दोन्ही हात मागे बांधून. ना कशी आहेस, ना डोकं दुखतं का! "चहा कर," म्हणाल्या. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली वाहिलं, तरी बाई जागच्या हलल्या नाहीत. स्कूटरवरून पडून माझ्या मेंदूला मार बसला होता, आणि अशा माणसांना पुन्हा कामावर उभं करणं हेच या बाईंचं काम. "मी हात पुढं केला की तुझा मागं जाईल," एवढंच बोलल्या.

काशीदला खानावळीत मी बारा वर्षं रांधत होते. मालक काका दिवाळीपर्यंत थांबणार, मग दुसरी बाई बघणार. माझा जीव टांगणीला. ताईंचं आपलं एकच: "घाई काकांना हाय, मेंदूला न्हाय." एका वेळी एकच शेगडी, कामांची यादी भिंतीवर, दुपारी झोप. हळूहळू हात बसला.

मग परीक्षेचा दिवस. काका आले, ताईंनी बांगडे आणले. आम्ही दर्याकाठच्या बायका मासा नाकाला लावतो; कल्ले उघडून बघत बसणं पाहुण्यांचं काम. मीही लावला. वास नाही, म्हणजे ताजा! झकास तळून काकांपुढे ताट ठेवलं. काकांनी नाकाला रुमाल लावला.

"खाऊ नका," ताई म्हणाल्या. "कालपासून पिशवीत होते."

तेव्हा कुठं कळलं, त्या अपघातात माझा वासच गेला होता. शेजारणीनं खिडकी लावून घेतली होती, आणि मला पत्ताच नाही! जेवण बेचव लागायचं ते मी गोळ्यांवर ढकलत आले होते.

"फसवलंत मला!" मी ओरडले.

"परवा फोडणी करपली तरी तू ढिम्म. तेव्हाच शंका आली. पर्यटकांच्या पोरांनी खाल्लं असतं तर?"

काका उठले. ताईंनी त्यांना अडवलं. "बसा. हात हिचेच ठेवा. वाढण्याआधी दुसऱ्या कुणीतरी हुंगायचं, बास." त्या शनिवारी मी कामावर गेले.

गेल्या महिन्यात फोन आला, ताई गेल्या. चालतं-बोलतं माणूस हो! सकाळी बसची वाट बघत उभ्या होत्या, तिथेच कोसळल्या. मला अजून खरं वाटत नाही.

पुण्यानुमोदनाच्या विधीला त्यांच्या घरी वरणभात मी रांधला. वाढण्याआधी त्यांच्या लेकीला हाक मारली, "ये गं, वास घेऊन सांग." ती पातेल्यावर वाकली, होकारार्थी मान हलवली आणि हमसून हमसून रडू लागली. मी सवयीनं दाराकडे बघितलं. हात मागे बांधून तिथे कोणीच उभं नव्हतं.