साळवे सरांनी सांगितलेला सिनेमा

साळवे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी राहुरीच्या स्टँडवर होतो. समोर लागलेली गाडी सोडून दिली आणि बाकावर बसून राहिलो. इतक्या वर्षांची मैत्री, आठवायला काय कमी होतं... पण मला आठवला तो एक भिकार सिनेमा.

भिंगारला सरांच्या पुढच्या खोलीत, रविवारी चर्च सुटल्यावर, आम्ही चार-सहा जण परदेशी सिनेमे बघायचो. भिंतीवर चादर लावलेली असायची. खालच्या इंग्रजी ओळी कुणालाच झटपट वाचता येत नसत, म्हणून सर चादरीशेजारी उभे राहून सगळ्यांचे संवाद मराठीत बोलायचे, तेही थेट इकडच्या बोलीत. आमच्याकडे रोमचा राजासुद्धा 'मला लई राग आलाय' असंच म्हणायचा. जन्मभर त्यांनी शाळेत इतिहास शिकवला आणि त्यांची लाडकी गोष्ट एकच. अर्धं जग जिंकून बसलेल्या मंगोल बादशहाने चीनमधून एका म्हाताऱ्या ताओपंथी साधूला डोंगर-वाळवंटं ओलांडायला लावून बोलावून घेतलं, कशासाठी, तर अमर व्हायचं औषध मागायला. या गोष्टीवरचा सिनेमा हाती लागला तेव्हा सर लहान मुलासारखे हरखले होते.

त्याच सुमारास पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना फारशी आशा नसल्याचं सांगितलं होतं. मला हे ठाऊक होतं, घरात वहिनींना नव्हतं. त्या दर खेपेला सोबत जायच्या, पण सर त्यांना बाहेर बाकावर बसवून एकटेच आत जायचे आणि बाहेर येऊन 'अशक्तपणा आहे' म्हणून सांगायचे. मी भांडून पाहिलं. ऐकतील तर शपथ.

सिनेमा म्हणजे नुसती धूळ. घोडे, मग आणखी घोडे, आणि साधूची दाढी तर चिकटवलेली स्पष्ट दिसत होती. ज्या भेटीसाठी सर ताटकळले होते ती दोन लढायांच्या मध्ये कशीबशी उरकली. साधू आकाश, पाणी असलं काहीतरी मोघम बोलला. सर बोलायचे थांबले. त्यांचा पडलेला चेहरा बघवेना, मला त्या सिनेमावाल्यांचा मनापासून राग आला.

मागून वहिनींनी विचारलं, "काय म्हनला वो बुवा?"

सर चादरीकडेच बघत होते. "औषध न्हाई म्हनला."

"मग एवढंच सांगाया इतक्या लांबनं आला व्हय?"

पडद्यावर पुन्हा घोडे सुटले होते...

"असलं एकट्यानं ऐकवत न्हाई. म्हनून आला."

यातलं एक अक्षरही सिनेमात नव्हतं. मी सरांकडे बघितलं, पण त्यांनी काही माझ्याकडे बघितलं नाही.

मागच्या आठवड्यात वहिनींना भेटून आलो. त्यांच्याकडूनच कळलं, की त्या सिनेमानंतरच्या खेपेला सरांनी त्यांना हाताला धरून आत नेलं. डॉक्टर दक्षिणेकडचे, सगळं इंग्रजीत बोलायचे. सर वहिनींच्या खुर्चीशेजारी उभे राहून एकेक वाक्य त्यांना मराठीत सांगत होते. किती दिवस उरलेत, तेसुद्धा. काही लपवलं नाही, असं वहिनी म्हणाल्या.

"शेवटाला म्हनले, डॉक्टर म्हनत्यात भिऊ नको, मी हाय." वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. "डॉक्टर तर कवाच उठून गेल्ते, भाऊजी."