मिठाच्या बादलीतली काठी

ज्यांच्या जिवावर मी उभा जन्म पगार घेतला ती माणसं ग्रीक होती, आणि त्यांना मरून दोन हजारांहून जास्त वर्षं झाली होती. सोलापूरच्या शाळेत मी भूमिती शिकवायचे. त्यांची नावं मी इथे मुद्दाम घेणार नाही. नाव घेतलं की लोक "हो हो, ऐकलंय" म्हणतात आणि पुढचं ऐकत नाहीत. म्हणून कामं सांगते.

त्यांतल्या एकाने पृथ्वी मोजली. इजिप्तमधल्या मोठ्या ग्रंथालयाचा तो प्रमुख होता. दक्षिणेकडच्या एका गावात वर्षातल्या एका दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि ऊन विहिरीच्या तळाशी पोचतं, हे त्याला कळलं होतं. त्याच दुपारी त्याच्या स्वतःच्या शहरात मात्र सावली पडायची. त्या सावलीचा कोन आणि दोन गावांमधलं अंतर, एवढ्या भांडवलावर त्याने अख्ख्या पृथ्वीचा घेर काढला. सोलापूरलाही मे महिन्यात सावली पायाखाली नाहीशी होते. सुट्टी असली तरी मी चार पोरं गोळा करून ते मैदानात दाखवायचे. पण दुसरं गाव कधी मिळालं नाही. सावली मोजून ती मला कळवणारं माणूसच दुसऱ्या गावात नव्हतं.

ते या हिवाळ्यात अमेरिकेत मिळालं. मी उत्तरेकडच्या नेपरव्हिलला मुलाकडे आले होते आणि माझी धाकटी बहीण दक्षिणेकडच्या कॅरी गावात तिच्या मुलीकडे. ती विधवा झाली आणि मुलीने तिला कायमची इथे आणली. मी मार्च संपताना परत जाणार होते. म्हणजे आत्ता भेटलो तर भेटलो. आमच्या वयाला "पुढच्या वर्षी" हा शब्द शोभत नाही.

मुलाला विचारलं, "कॅरी किती लांब आहे रे?"

"तेरा तास, आई."

इथे अंतर विचारलं की तास सांगतात. म्हटलं, मग जाऊ या. तर म्हणाला, "विंटरमध्ये एवढं ड्राइव्ह नाही करता येत. आणि फ्लाइट चेंज करायला तुला एकटीला जमणार नाही. खूप लांब आहे. बघू." तिकडे बहिणीच्या मुलीचंही तेच. बघू. दोन्ही घरांत आम्हाला गरम गरम पोळ्या, लोकरी मोजे आणि हा एक शब्द भरपूर मिळत होता. मला त्या शब्दाचा संताप यायला लागला.

एके दिवशी फोनवर मी बहिणीला म्हटलं, आपण पृथ्वी मोजू या. तिचं आणि गणिताचं लहानपणापासून हाडवैर. ती म्हणाली, "ताई, तुला तिकडे करमत नाही का?" मी म्हटलं, नाही करमत. तर म्हणाली, "मलाही नाही. सांग काय करायचं ते."

नेपरव्हिलची जमीन गोठून दगड झाली होती, तिच्यात काठी शिरेना. मग मी बर्फावर टाकायच्या मिठाची बादली घेतली, तिच्यात मॉपचा दांडा रोवला, दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा केला आणि दांडा सरळ आहे ना ते पाहिलं. मागच्या अंगणात घराचीच सावली, म्हणून बादली पुढच्या लॉनवर ठेवली, फावड्याने बर्फ काढून जागा सपाट केली. बहिणीने तिच्या बाल्कनीत कुंडीमध्ये आपली चालायची काठी उभी केली. काठी कुंडीत गेली की तिला उठता यायचं नाही, म्हणून ती फोन आणि मोजपट्टी मांडीवर घेऊन शेजारी खुर्चीत बसून राहायची. दुपारी सावली सर्वांत आखूड होते तेव्हा ती मोजायची. अट एकच, दोन्हीकडे एकाच दिवशी ऊन हवं.

ऊन काही जमेना. तिच्याकडे लख्ख, तर माझ्याकडे भुरभुर बर्फ. माझ्याकडे उघडलं की तिच्याकडे पाऊस. "तू नुसती उंटावरून शेळ्या हाक," ती म्हणायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंडीपाशी हजर असायची. बादली लॉनवरच राहिली. आणि मग ईमेल आलं. इथल्या वसाहतीत घरमालकांची एक सोसायटी असते, तिला सगळे एचओए म्हणतात. पुढच्या लॉनवर परवानगीशिवाय वस्तू उभी केली आहे, ती रविवारपर्यंत हलवावी.

मुलगा घाबरला. त्याचं ग्रीन कार्ड व्हायचंय, त्याला कुठल्याच रांगेत कोणाच्या डोळ्यांवर यायचं नसतं. बूट घालून तो लॉनवर आला आणि बादली उचलायला वाकला. "आई प्लीज, रूल म्हणजे रूल. लोक काय म्हणतील?"

"सावलीवरून पाय काढ," मी म्हटलं.

असंच म्हणणारा एक म्हातारा ग्रीक होता. तरफेचा नियम त्याचा, पाण्यात वस्तू हलकी का होते हेही त्यानेच सांगितलं. गावात शत्रूचे सैनिक घुसले तेव्हा तो जमिनीवर आकृत्या काढत बसला होता. मारायला आलेल्याला म्हणाला म्हणे, आकृती बिघडवू नकोस. मारला गेला. दुसऱ्या एकाला अथेन्सच्या लोकांनी सांगितलं, प्रश्न विचारणं थांबव. थांबवलं नाही, शांतपणे विष प्यायला. मी हे सगळं मुलाला त्या थंडीत उभं करून ऐकवलं. "त्यांनी जीव दिला आणि तू एका ईमेलला भितोस? रविवारपर्यंत वेळ दिलाय ना? मग रविवारपर्यंत बादली हलणार नाही."

मला त्या ग्रीकांच्या आरत्या ओवाळायच्या नाहीत. त्यांच्याकडे गुलाम राबत होते, आणि घरातल्या बाईने अंगणात काठी रोवून पृथ्वी मोजलेली त्यांना खपली असती का, याची मला शंकाच आहे. म्हणून तर मी रोवली.

शनिवारी ऊन पडलं. कॅरीलाही होतं. तिथली दुपार आधी होते, त्यामुळे बहिणीचा फोन आधी आला. तिने आकडा सांगितला, पुन्हा सांगितला, आणि म्हणाली, "चुकला असेल तर तुझ्या ग्रीकाला दोष दे." मग माझी सावली सरकत सरकत आखूड झाली. मी गुडघे टेकून ती मोजली. समोरच्या घरातली बाई कुत्र्याला घेऊन थांबली होती, तिला मी हात हलवून दाखवला.

जेवणाच्या टेबलावर कागद पसरून दोन्ही त्रिकोण काढले, कोनमापक लावला. दोन कोनांतला फरक जवळजवळ सहा अंश. वर्तुळाचा साठावा भाग. मुलाने फोनवर रस्त्याचं अंतर काढून दिलं, त्याला साठाने गुणलं, तर पृथ्वी पुस्तकातल्यापेक्षा दुप्पट झाली. तो हसला. मीही क्षणभर खचले. मग माझ्याच कपाळावर हात मारला. मोटारीचा रस्ता धरला होता आम्ही, डोंगर-शहरांना वळसे घालत जाणारा. आणि कॅरी सरळ खाली दक्षिणेला नाही, तिरकं आहे. मी कसले वर्ग घेतले इतकी वर्षं? नकाशावर पट्टी ठेवून फक्त दक्षिणेकडचं अंतर घेतलं आणि पुन्हा गुणलं. उत्तर पुस्तकातल्या आकड्याच्या अगदी शेजारी येऊन बसलं.

मुलगा कागदाकडे बघत राहिला. "आई, हे भारी आहे," म्हणाला. "पण आता बादली आत घेऊ ना?"

"आधी हे बघ," मी म्हटलं आणि साठावर बोट ठेवलं. "पृथ्वीच्या घेराचे साठ भाग केले तर त्यांतला एक भाग खाली गेलं की माझी बहीण आहे. तिरकं जायचं म्हणून दीडपट धर. सोलापूरहून इथे येताना मी कितीतरी पट लांब आले, तेव्हा कोणी म्हटलं नाही की आईला जमणार नाही. तुझी मुलं सांभाळायला यायचं होतं ना. आता खूप लांब आहे असं मला सांगू नकोस. मी मोजलंय."

 त्याला लागलं होतं, आणि लागावं अशीच माझी इच्छा होती. मग त्याने लॅपटॉप उघडला. "एक चेंज करावा लागेल. चालेल?"

"दोन असले तरी चालतील."

मी बहिणीला फोन केला. उद्याच येतेय म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "काठी कुंडीतून काढते गं. तुला घ्यायला यायचं तर ती लागेल."

रविवारी सकाळी मी बॅग गाडीत ठेवली. मुलगा बादलीकडे वळला तेव्हा त्याला थांबवलं. रविवारपर्यंत म्हणजे रविवार संपेपर्यंत. मी काच खाली करून पाहिलं, दांड्याची लांब सावली शेजारच्यांच्या लॉनवर गेली होती.