गॅरेजात बरा होणारा ट्रक

माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, ट्रकचे मिस्त्री आहेत. त्यांच्या गॅरेजला लागूनच माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, मधे फक्त एक पत्रा. त्यामुळे गेली तीस वर्षं मला त्यांची सगळी बडबड ऐकावी लागते. दाजींना आपलं काही चुकलं हे मान्यच नसतं. चुकलंच तर ते त्याला ‘गाडीचा स्वभाव’ म्हणतात.

त्यांची कामाची पद्धत ठरलेली. गाडी दारात आली की आधी इंजिन बंद. “धापा टाकत आलेल्या माणसाला आधी बसू द्यावं, मग विचारावं,” हे त्यांचं तत्त्व. मग टाकीचं झाकण काढून आत पट्टी बुडवायची, डिझेल किती आहे ते बघायचं आणि पट्टीचा वास घ्यायचा. समोरच्या काट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. एवढं झालं की इंजिन पुन्हा सुरू करून त्याच्या अंगाला माझ्या ताईचं लाटणं टेकवायचं आणि दुसरं टोक कानाला लावायचं. आमच्या दुसऱ्या बाजूला पत्रे ठोकायचा कारखाना आहे. तिथे साध्या कानाने स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नाही, पण लाटण्यातून म्हणे एकेक नोझल बोलतं. लाटण्यासाठी ताई वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून ओरडत असते, ते मात्र दाजींना लाटण्यातूनही ऐकू येत नाही.

तर या दाजींकडे कप्तान आले. कप्तान म्हणजे पासष्टीचे ड्रायव्हर. डोक्यावर कायम टोपी असते म्हणून कप्तान. बाकी त्यांनी एका ट्रकशिवाय आयुष्यात काही चालवलेलं नाही. ट्रक त्यांच्या एकुलत्या एका मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे आणि घरात मोठेपणाचा मान त्यालाच मिळतो, असं ती स्वतः सांगते.

“काय होतंय?” दाजींनी विचारलं.

“उभ्या उभ्या थरथरतो. आणि चढाला दम नाही.”

“थरथरतो म्हणजे कसा? नीट दाखवा.”

कप्तानांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, पाय फाकवले आणि ते भर रस्त्यात थरथरू लागले. गाल हलत होते, तोंडातून ‘भग भग थप्, भग थप्’ असा आवाज. मधेच त्यांनी एक असा आचका दिला की समोरचा न्हावी गिऱ्हाईक अर्धवट टाकून धावत आला.

“मिसिंग आहे, एखादा सिलेंडर मधेच पेटत नाहीये,” दाजी म्हणाले.

पण इंजिन सुरू केलं तर कसलं मिसिंग! ट्रक गाढ झोपलेल्या माणसासारखा एका लयीत चालत होता. तरी दाजींनी फिल्टर बदलला. कप्तान खुशीत गेले आणि दुसऱ्या दिवशी हजर. भग थप्. इंजिन बंद, पट्टी, वास, लाटणं, आणि ट्रक ठणठणीत. दाजींनी एकेका सिलेंडरचा डिझेलचा पाइप ढिला करून पाहिला, चारही सारखेच. नोझल साफ केली, टॅपेट जुळवले. कप्तान पुन्हा गेले, पुन्हा आले. असं पाच वेळा झालं. माझ्या डोक्याला ताप झाला होता, कारण दरवेळी कप्तान थरथरून दाखवायचे आणि टोपी मी धरायची.

पाचव्या वेळी त्यांची मुलगी बरोबर आली. हाताची घडी घालून तिने सगळं ऐकून घेतलं.

“मिस्त्री, हा ट्रक इथे येऊन दरवेळी बरा होतो. बाबांच्या हातात गेला की आजारी पडतो. मग दोष कुणात आहे?”



“शनिवारपर्यंत सापडलं तर ठीक. नाहीतर बाबा चावी माझ्याकडे देतील आणि ट्रक विकायचा. चढावर अडकलेला बाप शोधत मला रस्तोरस्ती फिरायचं नाहीये.”

ती गेल्यावर दाजींनी लाटणं शर्टाला पुसलं. मग त्यांनी जे केलं ते बघून मी दुकान सोडून पत्र्याच्या पलीकडे गेलो. त्यांनी कप्तानांना बाकावर बसवलं, शर्टाचं वरचं बटण काढायला लावलं आणि छातीला लाटणं टेकवलं.

“श्वास घ्या. आता सोडा. आता जरा रेस करा.”

“म्हणजे काय करू?”

“जिन्यावरून दोनदा वरखाली जा.”

कप्तान गेले. आले तेव्हा धापा टाकत होते. दाजींनी हात पुढे करायला सांगितला. बोटं थरथरत होती. दाजींनी जॉबकार्ड घेतलं आणि गाडीच्या नंबराच्या जागी ‘कप्तान’ लिहून खाली नोंद केली: ‘उभ्या उभ्या थरथर. चढाला दम नाही. धूर नाही.’ मला हसू आवरेना. कप्तानांनी मात्र ते कार्ड दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि “बरोबर आहे,” एवढंच म्हणाले. मग माझं हसू आपोआप थांबलं.

शनिवारी कप्तान मुलीला घेऊन आले आणि त्यांनीच तोड सुचवली. गॅरेजमागच्या चढावर मिस्त्रींनी ट्रक न्यावा; त्यांच्या हाताने चढला तर दोष आपला, असं ते म्हणाले. दाजींनी नेहमीप्रमाणे पट्टी बुडवली, वास घेतला, झाकण लावलं आणि ट्रक घातला. ट्रक काय चढला म्हणता! वरच्या वळणावर जाऊन दाजींनी वर हॉर्नसुद्धा वाजवला. दाजी रुबाबात उतरले खरे, पण कप्तानांचा चेहरा बघून त्यांचा रुबाब उतरला. कप्तानांनी मुलीला चावी दिली. तिने ट्रक घरी पोचवायला ती दाजींना दिली आणि कप्तान तिच्या स्कूटरवर मागे बसून गेले. त्या माणसाला मागे बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं.

त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. दाजी ट्रक चालवत होते, मी शेजारी. सात-आठ किलोमीटर झाले असतील, पुढे साधासाच चढ होता आणि ट्रक थरथरू लागला. भग भग थप्. दाजींनी पाय पार तळाशी दाबला तरी आमच्या शेजारून एक सायकलवाला सावकाश पुढे निघून गेला.

“आचके देतोय!” दाजी आनंदाने ओरडले. “अरे, माझ्या हातातसुद्धा आचके देतोय!”

ट्रक कडेला घेऊन त्यांनी इंजिन बंद केलं आणि सवयीने टाकीचं झाकण फिरवलं. आजूबाजूला शेतं, ठोकाठोक कुठेच नाही. टाकीने असा लांबलचक श्वास आत ओढला की मी दोन पावलं मागे सरकलो. दाजींनी झाकण उलटंपालटं करून पाहिलं.

ते झाकण त्यांनीच बनवलेलं होतं. गेल्याच महिन्यात कप्तानांचं जुनं झाकण हरवलं तेव्हा दाजींनी जाड रबर बसवून नवं करून दिलं होतं आणि ‘टाकी उलटी टांगा, थेंब गळणार नाही’ असं साऱ्या गल्लीला ऐकवलं होतं. जुन्या झाकणाला हवा आत जायला बारीक भोक होतं, याला नव्हतं. डिझेल संपत जाईल तशी टाकी आतल्या आत आवळायची आणि इंजिन उपाशी मरायचं. गॅरेजात आला की दाजी स्वतःच आधी झाकण उघडून त्याला श्वास द्यायचे आणि मग दम का लागतो ते शोधत बसायचे.

“खिळ्याने भोक पाडा,” मी म्हणालो. “आणि सांगा, पाइपात कचरा होता. कोण बघायला येणार आहे?” मला आजही त्याची लाज वाटत नाही. मेहुणा म्हणून मी दुसरं काय सांगणार?

दाजींनी भोक पाडलं. मग ट्रकच्या पायरीवर बसले. “कचरा म्हटलं तर म्हातारा म्हणेल, हा आपलं मन राखतोय,” ते म्हणाले.

कप्तान घरी खिडकीशी बसले होते, टोपी न घालता. मुलगी भाजी निवडत होती. दाजी दारातूनच बोलले, “कप्तान, माझं चुकलं. तुमच्यात काही खोट नाही. मी तुम्हाला बिनभोकाचं झाकण दिलं आणि वर तुम्हालाच तपासलं.”

कप्तानांनी झाकण हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि भोकातून खिडकीबाहेर पाहिलं. मग दुसरा हात पुढे केला. बोटं तशीच थरथरत होती.

“आणि हे?”

“ते वय आहे,” दाजी म्हणाले. “त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण ट्रक त्याच्यामुळे थांबत नव्हता.”

“पाच वेळा,” कप्तान म्हणाले. “पाच वेळा मी रस्त्यात उभा राहून स्वतःला विचारलं, की बाबा, आता संपलास का.”

मुलीने हात पदराला पुसले. दाजींच्या मुठीतली चावी घेतली आणि वडिलांच्या मांडीवर ठेवली.

“सोमवारी मी शेजारी बसणार,” ती म्हणाली. “चढ संपेपर्यंत.”

“बस की,” कप्तान म्हणाले. “पण ब्रेक मार, ब्रेक मार असं म्हणायचं नाही.”